दुसऱ्याच्या मोटारीतील उतारू

झाशी हे नाव कानी पडले की मराठी मनाला पहिल्याने आठवतो तो तेथील किल्ला आणि १८५८ सालचा वेढा. त्या वेढ्याची हकीकत मराठी वाचकांपर्यंत पोचली ती एका प्रवाशामुळे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि फिरत फिरत झाशीस पोचून त्या रणधुमाळीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला. त्या काळी लांबच्या वाटेला निघणारा मनुष्य आधी चांगली सोबत पाही. वाटेत दुखले-खुपले, कोणी लुटले, तर सोबत्यांनीच सांभाळून घ्यावयाचे. सोबत हाच त्या काळचा विमा होता, असे म्हटले तरी चालेल.

आज त्याच झाशीजवळ देशातील दोन मोठे हमरस्ते एकमेकांस छेदून जातात. एक श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा, दुसरा पोरबंदरहून आसामातील सिलचरकडे जाणारा २७ क्रमांकाचा. नागपूरहून निघालेली मोटार सिवनी, सागर, ललितपूर अशी गावे मागे टाकीत याच ४४ क्रमांकाच्या रस्त्याने झाशीस येते. किल्ला पाहावयाचा, गणेशमंदिरात जावयाचे, बेतवेच्या काठी ओरछ्याला फेरी मारावयाची, असा बेत ठरतो. गाडी बहुधा एकाचीच असते. मालक म्हणतो, "जागा आहे, चला की आमच्याबरोबर." आणि शेजारी, स्नेही, आतेभाऊ, कोणाची तरी वृद्ध आई, अशी मंडळी आनंदाने गाडीत बसतात.

श्रोतेहो, प्रश्न असा आहे की, या गाडीला वाटेत अपघात झाला आणि त्या स्नेह्याचा हात मोडला, तर त्याच्या उपचाराचा आणि बुडालेल्या कमाईचा खर्च कोणी द्यावयाचा? बहुतेक जण चटकन उत्तर देतील, "गाडीचा विमा आहे ना!" हे उत्तर कधी बरोबर असते, कधी साफ चुकीचे असते, आणि ते बरोबर की चूक हे ठरते मोटारीच्या कप्प्यात पडलेल्या एका कागदावरून. तो कागद गाडीत बसणाऱ्याने कधी पाहिलेला नसतो, आणि पुष्कळदा मालकानेही वाचलेला नसतो.

प्रथम हे ध्यानात घेऊ की मोटारीचा विमा हा गाडीत बसलेल्या माणसांचा विमा नव्हे. त्याचे मुख्यतः दोन भाग असतात. एका भागात मालकाच्या स्वतःच्या गाडीची मोडतोड भरून मिळते. दुसऱ्या भागात मालकावर कायद्याने येणारी जबाबदारी विमा कंपनी आपल्या शिरावर घेते. मालकाच्या किंवा त्याच्या चालकाच्या चुकीने रस्त्यावरचा कोणी जखमी झाला, तर त्याची भरपाई करणे हे मालकाचे देणे होय. ते देणे मालकाऐवजी कंपनी फेडते. करार मालक आणि कंपनी या दोघांचा, आणि लाभ मात्र तिसऱ्याला. म्हणून त्याला 'थर्ड पार्टी' विमा म्हणतात. कायद्याने सक्तीचा आहे तो एवढाच दुसरा भाग.

मग गाडीत बसलेला पाहुणा हा 'तिसरा' होय की नव्हे? सामान्य बुद्धीला वाटेल, मालक पहिला, कंपनी दुसरी, म्हणजे उरलेले सारे जग तिसरे. परंतु कायद्याचा हिशेब निराळा पडला. इंग्लंडात १९३० साली सक्तीच्या विम्याचा कायदा झाला. भाडे घेऊन नेलेल्या उतारूंचा विमा त्यात सक्तीचा होता. स्नेहापोटी गाडीत घेतलेल्या उतारूंना मात्र त्यातून वगळले होते. आपला १९३९चा मोटारवाहन कायदा त्याच वळणावर गेला, आणि त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६पासून अमलात आले. पुढे इंग्लंडने आपली उणीव ओळखली आणि डिसेंबर १९७२पासून मोटारीतील प्रत्येक उतारूचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे खासगी मोटारीतील पाहुणा सक्तीच्या विम्याबाहेर राहिला तो राहिलाच.

या उणिवेचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे आपल्याच मुलखातील एका खटल्यावरून कळते. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे एक मोटार चालली होती. गाडी रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी या कापूस-कारखान्याच्या मालकीची, चालविणारा तिचा व्यवस्थापक, आणि शेजारी बसलेला गृहस्थ हा पाहुणा उतारू. वाटेत गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली आणि त्या उतारूचा अंत झाला. त्याच्या पत्नीने आणि मुलांनी भरपाई मागितली. अपघात कसा झाला हे सांगणारा साक्षीदार कोठून आणावयाचा? खटला वर चढत सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि त्याचा निकाल लागला मार्च १९७७मध्ये, म्हणजे अपघातानंतर सोळा वर्षांनी.

त्या निकालाने उतारूंच्या हिताच्या दोन गोष्टी कायमच्या करून ठेविल्या. पहिली अशी की, धडधाकट रस्त्यावरची गाडी आपण होऊन झाडावर जाऊन आदळत नाही. अपघातच आपली कहाणी सांगत असेल, तेव्हा चूक नव्हती हे दाखविण्याचे ओझे गाडीवाल्यावर पडते. दुसरी अशी की, नोकर मालकाच्या कामावर असताना त्याने कोणाला गाडीत घेतले आणि त्याच्या हयगयीने अपघात झाला, तर मालक त्याला जबाबदार राहतो. मात्र विम्यापुरते न्यायालयाने स्पष्ट केले की, भाडे न देणाऱ्या उतारूचा विमा कायद्याने सक्तीचा नाही. त्या गाडीच्या विमापत्रात उतारूसाठी १५,००० रुपयांची तरतूद होती. म्हणून कंपनीची जबाबदारी तेवढीच. राहिलेली रक्कम गाडीच्या मालकाच्या डोक्यावर. तेथे मालक ही एक व्यापारी संस्था होती. त्या जागी आपला एखादा नोकरदार स्नेही असता तर? पाहुण्याच्या विधवेला घरच्या माणसासारख्या स्नेह्यावर जप्ती आणावी लागली असती, किंवा हातावर हात ठेवून बसावे लागले असते.

१९८८ साली नवा मोटारवाहन कायदा झाला, तो १ जुलै १९८९पासून लागू झाला. त्यातील शब्दरचना अधिक व्यापक होती, आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात तिचा उदार अर्थ लावला. पण डिसेंबर २००२मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ मालमोटारींच्या बाबतीत मागे घेतला, आणि २००६ साली स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाच्या खटल्यात हाच नियम फुकट प्रवास करणाऱ्या इतरांनाही लागू होतो असे ठरले. २०१९ची मोठी दुरुस्ती विम्यापुरती १ एप्रिल २०२२पासून अमलात आली. तिनेही सक्तीचे संरक्षण दिले ते भाड्याने चालणाऱ्या परिवहन-वाहनांतील उतारूंना. म्हणजे बसमधला उतारू, टॅक्सीतला उतारू, रिक्षातला उतारू कायद्याच्या छत्राखाली आहे. मित्राच्या मोटारीतला उतारू मात्र मित्राने कोणते विमापत्र घेतले आहे यावर अवलंबून आहे. पैसे मोजून बसलेला सुरक्षित आणि आग्रहाने बसविलेला उघड्यावर, अशी ही विचित्र परिस्थिती आहे.

यावर उपाय आहे, आणि तो मालकाच्या हाती आहे. विमापत्रे मुख्यतः दोन जातींची. एक केवळ कायद्याच्या सक्तीपुरते. त्याला 'लायबिलिटी ओन्ली' किंवा बोलीभाषेत नुसते 'थर्ड पार्टी' म्हणतात. दुसरे व्यापक, त्याला पूर्वी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणत, हल्ली 'पॅकेज' म्हणतात. या दुसऱ्याच्या जबाबदारीच्या कलमात असे लिहिलेले असते की, मोटारीत बसलेल्या व्यक्तींच्या मृत्यूची वा दुखापतीची भरपाईही कंपनी करील. मात्र त्यांना भाडे घेऊन नेलेले नसावे. पहिल्या प्रकारच्या विमापत्रात मात्र 'कायद्याला आवश्यक असेल तेवढेच' असे शब्द असतात. या एका वाक्याच्या फरकावर पाहुण्याचे नशीब टांगलेले असते. व्यापक विमापत्रात उतारू येतात हे दर-निर्धारण समितीने १९७८ आणि १९८६ साली कंपन्यांना कळविले होते. तरीही कंपन्या वाद घालीत राहिल्या, तेव्हा विमा नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९मध्ये परिपत्रक काढून तेच पुन्हा बजाविले.

नोव्हेंबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक खटला या संदर्भात फार बोलका आहे. एका कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक कंपनीच्या मोटारीतून जात असता जखमी झाला. विमा कंपनी म्हणाली, हा तिऱ्हाईत नव्हे. न्यायालयाने सांगितले, विमापत्र केवळ सक्तीपुरते असेल तर कंपनी सुटली. व्यापक असेल तर कंपनी बांधली गेली. आणि खटला परत खालच्या न्यायाधिकरणाकडे धाडला, तो एवढेच पाहण्यासाठी की विमापत्र कोणत्या जातीचे आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जाऊन पुन्हा मूळ कागद वाचण्याशी येऊन थांबावे लागले! तोच कागद आपण गाडी काढण्यापूर्वी घरी बसून वाचू शकतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. नागपूरचे एक गृहस्थ स्वतःची मोटार चालवीत झाशीकडे निघाले आहेत. बरोबर त्यांची पत्नी, एक स्नेही आणि त्या स्नेह्याची आई. ललितपूर सोडून बबिन्याच्या अलीकडे गृहस्थांना डुलकी लागते, गाडी दुभाजकावर चढते आणि चौघेही जखमी होतात. या चौघांची कायद्याच्या दृष्टीने स्थिती एकच नाही.

गृहस्थ मालक आहेत आणि चूकही त्यांचीच. ते स्वतःविरुद्ध भरपाई मागू शकत नाहीत. त्यांच्यासाठी 'मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा' नावाचे वेगळे संरक्षण असते. २०१८ साली त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये ठरविण्यात आली. पण तो मिळतो मृत्यू आल्यास किंवा ठरावीक स्वरूपाचे कायमचे अपंगत्व आल्यास; मोडलेल्या हाताच्या औषधपाण्याला नव्हे. पत्नी, स्नेही आणि त्याची आई या तिघांना, विमापत्र व्यापक असेल, तर मालकाच्या हयगयीबद्दल भरपाई मागता येईल आणि ती कंपनीला द्यावी लागेल. विमापत्र नुसते 'थर्ड पार्टी' असेल, तर त्यांचा हक्क नष्ट होत नाही, परंतु तो फक्त त्या गृहस्थांविरुद्ध उरतो. कधीकधी न्यायालये कंपनीला सांगतात की, आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. पण तो न्यायालयाच्या सदसद्विवेकाचा भाग झाला. शिवाय शेवटी पैसे जातात ते मालकाच्याच खिशातून.

याच अपघातात समोरच्या मालमोटारीची चूक असती, तर चित्र पालटले असते. त्या मालमोटारीच्या दृष्टीने आपल्या गाडीतील सारेच जण तिऱ्हाईत ठरतात, आणि तिचा सक्तीचा विमा त्या सर्वांना उपयोगी पडतो. दोन्ही गाड्यांची चूक असेल, तर निर्दोष उतारूने दोन्हीकडे निम्मे-निम्मे मागत फिरण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितल्याप्रमाणे तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडे मागू शकतो. आपापसातला हिशेब त्यांनी करावा.

विमापत्रांत आणखी एक कलम आढळते, आणि त्यावरून पुष्कळ गैरसमज होतो. थोडा जादा हप्ता भरला की 'अनामिक उतारूंचा' वैयक्तिक अपघात विमा मिळतो. त्याची मर्यादा परंपरेने माणशी दोन लाख रुपये इतकी असे. येथे चूक कोणाची हा प्रश्न नसतो, हा त्याचा गुण. पण मृत्यू किंवा दोन अवयव वा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास निम्मी, आणि सर्वस्वी अपंगत्व आल्यास पूर्ण, असा त्याचा ठोकताळा. हाड मोडले, सहा महिने घरी बसावे लागले, बोटांची शक्ती कमी झाली, तर यातून काहीच मिळत नाही.

उलट मालकाच्या जबाबदारीखाली मिळणारी भरपाई कशी मोजतात ते पाहा. आपल्या उदाहरणातील स्नेही ३८ वर्षांचा आहे, सुतारकाम करून महिन्याला २०,००० रुपये मिळवितो, आणि त्याचा उजवा हात दुखावला आहे, असे समजू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोलाची गोष्ट सांगितली की, डॉक्टरांच्या दाखल्यातील टक्के म्हणजे कमाईतील घटीचे टक्के नव्हेत. एकाच दुखापतीने कारकुनाची नोकरी टिकते आणि सुताराचा धंदा बसतो. समजा, न्यायाधिकरणाने सुताराची कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली असे ठरविले. वर्षाची कमाई २,४०,००० रुपये. तिचे ३० टक्के म्हणजे ७२,००० रुपये. छत्तीस ते चाळीस या वयासाठी २००९ साली ठरलेला गुणक १५ आहे. म्हणून १०,८०,००० रुपये. चाळिशीच्या आतील स्वतंत्र व्यावसायिकाची कमाई पुढे वाढली असती असे धरून मूळ उत्पन्नात ४० टक्के मिळवितात. हा नियम २०१७ साली मृत्यूच्या दाव्यांसाठी ठरला आणि २०२० साली कायम अपंगत्वाच्या दाव्यालाही लावण्यात आला. त्या हिशेबाने रक्कम १५,१२,००० रुपये होते. शिवाय झालेला आणि पुढे होणारा औषधोपचार, अंथरुणावर गेलेल्या महिन्यांची कमाई, सोसलेल्या वेदना, हे वेगळेच. अनामिक उतारूच्या कलमाखाली याच माणसाला एक रुपयाही मिळाला नसता. दोन कलमांत किती अंतर आहे हे यावरून कळावे.

मोटारीचे जे, तेच इतर वाहनांचे, किंबहुना तेथे धोका अधिक. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांच्या चिरगाव गावाजवळ, झाशी जिल्ह्यातच, भाविकांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि अकरा जणांचा बळी गेला. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. देवदर्शनाला, लग्नाला, बाजाराला ट्रॉलीतून जाणे हे बुंदेलखंडात जसे, तसेच आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भातही नित्याचे. पण ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामासाठी असतो. ट्रॉलीत बसलेली माणसे त्या विम्याच्या हिशेबात नसतात. २००७ साली ट्रॉलीवर बसलेल्या एका मजुराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. त्या गरीब मजुराची दया येऊन न्यायालयाने कंपनीला आधी पैसे देऊन मालकाकडून वसूल करण्यास सांगितले खरे, पण प्रत्येकाच्या वाट्याला ती दया येईल असे धरून चालता येत नाही. आसनांपेक्षा अधिक माणसे कोंबण्याचेही तसेच. त्याच वर्षी, गच्च भरलेल्या एका बसच्या खटल्यात ठरले की, विमा जितक्या माणसांचा, तितक्यांचाच भार कंपनीवर.

अपघात घडलाच तर काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. पहिला विचार जिवाचा, पैशाचा नंतर. ५ मे २०२५पासून केंद्र सरकारची एक योजना लागू झाली आहे. तिच्याखाली रस्त्यावरील मोटार-अपघातात जखमी झालेल्या कोणाही व्यक्तीस ठरविलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. पाहुणा की मालक, विमा कोणता, हे तेथे विचारावयाचे नाही. ११२ या क्रमांकावर कळवावे. रस्त्यावरचा कोणी मदतीला धावला, तर कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याने भिण्याचे कारण नाही.

पोलिसांत नोंद अवश्य करावी. "घरचीच गाडी, कशाला पोलीस?" असे म्हणून पुष्कळ जण ती टाळतात आणि पुढे पस्तावतात. १ एप्रिल २०२२पासूनच्या नियमांनुसार तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणास व विमा कंपनीस द्यावयाचा आहे, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळ पक्षकार असलेल्या खटल्यात या नियमांची अंमलबजावणी करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. गाडीचा क्रमांक, विमापत्राचा क्रमांक, चालकाचा परवाना, रुग्णालयाचे कागद आणि औषधांच्या पावत्या, ही पाच गोष्टींची शिदोरी जपून ठेवावी.

झाशीला अपघात झाला म्हणून तारखांसाठी पुण्याहून झाशीला हेलपाटे घालावे लागतील, ही भीती मात्र निराधार आहे. अपघात जेथे झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथे, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोठेही मोटार अपघात दावे न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मुदत मात्र सांभाळावी. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली. तिच्याविषयी न्यायालयांत वाद उभे राहिले असले, तरी सामान्य माणसाने सहा महिने ही लक्ष्मणरेषाच मानावी. आणि आणखी एक सावधगिरी. चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये देण्याची तरतूद कायद्यात आहे. गरजू माणसाला तो मोठा आधार आहे. पण ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. म्हणून सुताराने आपला हिशेब आधी मांडावा आणि मगच सही करावी.

श्रोतेहो, कायद्यापेक्षाही मोठी एक अडचण आपल्या मनात असते. जखमी स्नेही म्हणतो, "त्याने प्रेमाने नेले, आता त्याच्यावरच दावा कसा लावू?" ही भावना थोर आहे, पण तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे. विमापत्र व्यापक असेल, तर दाव्यात मालकाचे नाव असले तरी देणारी असते विमा कंपनी, आणि ती देते मालकाने भरलेल्या हप्त्याच्या बदल्यात. अशा वेळी स्नेह्याने भरपाई मागणे हे वैर नव्हे; मालकाने त्याच्यासाठी आधीच करून ठेविलेली तरतूद वापरणे होय. मालकानेही मन मोठे करून घडलेली हकीकत खरी सांगावी. खरे वैर उत्पन्न होते ते विमा अपुरा असतो तेव्हा. कारण मग एका घराचे दुःख भरून काढावयाचे तर दुसऱ्या घराची भांडी विकावी लागतात.

म्हणून हे काम पाहुण्याचे नसून यजमानाचे आहे. पाहुण्याने "तुमचे विमापत्र दाखवा, मग बसतो" असे म्हणणे आपल्या रीतीला शोभणार नाही. पण यजमानाने ते न सांगता पाहून ठेवणे शोभणारे आहे. हप्ता भरताना विमा-प्रतिनिधीस एकच प्रश्न विचारावा: "माझ्या गाडीत भाडे न देता बसलेल्या माणसांची जबाबदारी या विमापत्रात आहे काय? असल्यास कोणत्या कलमात?" आणि उत्तर कागदावर घ्यावे. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा 'थर्ड पार्टी' विमा सक्तीने येतो. तीन वर्षांची निश्चिंती झाली असे समजून वर्षाचे वर्षाला संपणाऱ्या दुसऱ्या भागाकडे काणाडोळा करू नये. तो भाग संपल्यावर हाती जे विमापत्र उरते, त्यात उतारूंचा उल्लेख आहे की नाही, हे पुन्हा वाचावे. गाडी जुनी झाली, आता नुसता 'थर्ड पार्टी' पुरे, असा काटकसरीचा सल्ला पुष्कळ जण देतात. पत्र्याच्या दृष्टीने तो कदाचित बरोबर असेल. पण गाडी जुनी झाली म्हणून तीत बसणाऱ्या माणसाच्या हाडांची किंमत कमी होत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याला आपल्या गाडीत बसविताना ते अधिक लागू पडते, कारण तेथे तहान त्याला लागणार असते आणि विहीर आपण खणावयाची असते. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आपण चाकांतील हवा पाहतो, इंजिनाचे तेल पाहतो. त्याच वेळी कप्प्यातील तो कागद बाहेर काढून त्याचे जबाबदारीचे कलम वाचावे. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात आपल्या भरवशावर गाडीत बसणाऱ्यांची सोय आपण केली आहे की नाही, हे नक्की कळते.